शेवरीच्या गाठी

मैत्रेयी : म्हणजे तीन दिवस तुम्ही दारच उघडलं नाही?

नरसिंह : उघडलं की. आत्ता तुला उघडलं.

मैत्रेयी : दहा मिनिटं बेल दाबत उभी होते, बाबा. मग लक्षात आलं लाइट नाहीये, तेव्हा दार बडवलं. शेजारच्या मल्होत्रा आंटींचा ऑफिसात फोन आला, 'बेटा, पापाजी दूध भी नहीं ले रहे.' क्लायंट समोर बसलेला सोडून गुडगावहून आलेय मी. बेचाळीस डिग्रीत.

नरसिंह : मग आधी पाणी पी. माठातलं घे, फ्रीज पहाटेपासून बंद आहे.

मैत्रेयी : आणि इन्व्हर्टर?

नरसिंह : बॅटरी गेली. परवा गेली.

मैत्रेयी : मला सांगायचं ना. फरीदाबादचा मे महिना, सहा-सहा तास लाइट नसतो, आणि तुम्ही... हे बघा, ग्लासातपण मांजराचे केस.

नरसिंह : फडक्याने पुसून घे. केस सगळीकडे असतात. तुझी आई होती तेव्हाही असायचे. तू येणार असलीस की ती तासभर आधी झाडायला लागायची, म्हणून तुला दिसले नाहीत कधी.

मैत्रेयी : बेडरूमचं दार का लावलंय?

नरसिंह : शेवरी आहे आत. दार लावलं की गार राहतं.

मैत्रेयी : कूलर बंद, पंखा बंद. गार कसं राहील?

नरसिंह : फ्रीजरमध्ये होता तेवढा बर्फ परातीत घालून तिच्यापुढे ठेवलाय.

मैत्रेयी : हात दाखवा.

नरसिंह : काही नाही झालेलं हाताला.

मैत्रेयी : दाखवा म्हणते ना. अरे यार, बाबा. कोपरापर्यंत ओरखडे आहेत. हे तिनं केलं?

नरसिंह : तिची चूक नाही त्यात.

मैत्रेयी : आणि हा वास कसला येतोय?

नरसिंह : तिची वाळूची पेटी बदलायची राहिली.

मैत्रेयी : वाळूच्या पेटीचा वास मला माहितेय. हा तो नाही. काय झालंय? खरं सांगा.

नरसिंह : बस जरा. उभ्या उभ्या नको विचारूस.

मैत्रेयी : बसले.

नरसिंह : तिला गाठी झाल्यात. पोटाखाली, काखेत, मागच्या मांड्यांत. गाठ म्हटल्यावर तुला वेणीतला गुंता वाटेल. तसं नसतं ते. घोंगडीसारखं घट्ट होतं सगळं, आणि कातडीला धरून बसतं. पाऊल टाकलं की ओढ बसते तिला. त्यामुळे ती चालेनाशी झाली. शेल्फावर उडी मारणं तर मार्चमध्येच बंद झालं होतं.

मैत्रेयी : तुम्ही विंचरत होतात ना? मी दर रविवारी विचारायचे.

नरसिंह : पाठ विंचरत होतो. पाठ विंचरली की मांजर छान दिसतं. पोटाकडे हात नेला की ती चावायची, मग मी सोडून द्यायचो. तुझी आई तिला मांडीवर उताणी घ्यायची. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. हॉस्पिटलात पडल्या पडल्या तिनं मला शिकवलं होतं, मुळापासून ओढायचं नाही, टोकापासून सुरुवात करायची. मला तोंडपाठ होतं सगळं.

मैत्रेयी : मग?

नरसिंह : मग रविवारी कात्री घेतली.

मैत्रेयी : कुठली कात्री?

नरसिंह : शिवणाची. म्हटलं, एकच गाठ काढू, मांडीतली, म्हणजे तिला निदान नीट बसता येईल. गाठ बोटांनी उचलली, खालून कात्री सरकवली. मला वाटलं केसच आहेत.

मैत्रेयी : बाबा.

नरसिंह : कातडी होती. ओल्या कागदासारखी असते ती, कापली तरी हाताला समजत नाही. आवाजसुद्धा झाला नाही तिचा पहिल्यांदा. मग हे ओरखडे.

मैत्रेयी : रविवारी मी आले होते की इथे. संध्याकाळी.

नरसिंह : त्याच्याआधी दुपारी झालं होतं. तू वीस मिनिटं बसलीस.

मैत्रेयी : मी विचारलं शेवरी कुठाय. तुम्ही म्हणालात, झोपलीय.

नरसिंह : दिवाणाखाली होती. आजही तिथेच आहे.

मैत्रेयी : आज गुरुवार आहे. चार दिवस ती जखम तशीच?

नरसिंह : हळद भरली. दाबून भरली. डेटॉलच्या पाण्याने पुसायला गेलो, ती धरू देईना. दूधवाला आला की बेलने दचकून ती आणखी आत सरकते, म्हणून दार उघडलं नाही. आणि कोणी आलं असतं तर वास आला असता.

मैत्रेयी : मला का नाही सांगितलंत?

नरसिंह : तू काय म्हणाली असतीस?

मैत्रेयी : म्हटलं असतं, द्या तिला. माझ्या ऑफिसातली अक्षता चार महिन्यांपासून घ्यायला तयार आहे. तिच्याकडे दोन एसी आहेत, आधीचं एक पर्शियन मांजर आहे.

नरसिंह : हेच. म्हणून नाही सांगितलं.

मैत्रेयी : अच्छा, म्हणजे मी वाईट. बाबा, समर्थला दमा आहे. मागच्या दिवाळीत इथून गेल्यावर रात्रभर त्याला बसवून ठेवला होता आम्ही. तेव्हापासून तो आजोबांच्या घरी आलेला नाही. तुम्ही आमच्याकडे यायचं तर मांजर सोडत नाही. मग मी एकटीच येते, रविवार ते रविवार. घरी पोचले की पार्किंगमध्येच कपडे झटकते, आल्या आल्या आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत. राघव काही बोलत नाही, पण मी आले की खिडक्या उघडत फिरतो. मी कुठेच पुरी पडत नाही, कळतंय का तुम्हाला?

नरसिंह : मग आणलीस कशाला ती?

मैत्रेयी : काय?

नरसिंह : तूच आणलीस. आम्ही मागितली नव्हती. पहिला मोठा बोनस झाला, आणि खोक्याला रिबीन बांधून घेऊन आलीस.

मैत्रेयी : आई एकटी पडली होती म्हणून आणली. तुमची कंपनी बंद झाली, तुम्ही सकाळपासून पेपर तोंडासमोर धरून बसायचात. मी गुडगावला गेलेली. तिला बोलायला घरात कोणी नव्हतं. दुकानदार म्हणाला, अगदी शांत जात आहे, कोपऱ्यात पडून असते. रोज तासभर विंचरायची हे नाही बोलला तो. उन्हाळ्याचं तर नाहीच नाही.

नरसिंह : आणि रोज डोळे पुसायचे, उकळलेल्या पाण्यात कापूस बुडवून. नाहीतर चिकटतात. शेपटीखालचे केस कापायचे, नाहीतर घाण लागते आणि ती गादीवर येऊन बसते. केस चाटून पोटात गोळा होतो, तो पहाटे ओकते, बरोबर आपण पाय ठेवतो तिथे. तुझी आई पाच वर्षं कुठे गेली नाही. पुण्याला सख्ख्या भाचीचं लग्न होतं, तिकिटं काढलेली परत केली. मांजराला कोण विंचरेल म्हणून. तुला ठाऊक होतं?

मैत्रेयी : नाही. ती म्हणाली, पाय दुखतोय.

नरसिंह : पाय बरा होता तिचा.

मैत्रेयी : मला एकदा तरी म्हणायचं होतं तिनं.

नरसिंह : तू आणलेली ना. कशी म्हणेल? मीच एकदा म्हणालो, भानू, हे मांजर पाळलंयस का सून आणलीयस. चार दिवस बोलली नाही माझ्याशी. तिचा जीव होता त्या मांजरात. आधी नसेल, नंतर झाला. शेवरीचं बोंड फुटल्यावर कापूस उडतो तशी दिसते म्हणून नाव ठेवलं. इथे सगळे शबरी म्हणायचे, ती प्रत्येकाला दुरुस्त करायची.

मैत्रेयी : चला, आत जाऊ. बघू दे मला.

नरसिंह : तिला ओढू नकोस.

मैत्रेयी : नाही ओढत. तुम्ही दिवाणाची ती बाजू उचला. थांबा, दिसली. शेवरी, ये, ये बाळा. बाबा, ही तोंड उघडं ठेवून धापा टाकतेय. कुत्र्यासारखी जीभ बाहेर आहे हिची.

नरसिंह : सकाळपासून तसंच आहे.

मैत्रेयी : अंग कसलं तापलंय. ओला टॉवेल द्या. हे पिवळं म्हणजे हळद ना? इथे कडेला... बाबा, इथे काहीतरी हलतंय.

नरसिंह : कुठे?

मैत्रेयी : केसांखाली. नका बघू तुम्ही.

नरसिंह : अळ्या?

मैत्रेयी : गाडी खाली उभी आहे. एसी लावते. मंडळाच्या गणपतीत भेटतात त्या डॉक्टर, जनावरांच्या, परभणीच्या. प्रभा. त्यांचा दवाखाना सेक्टर सोळात ना?

नरसिंह : तिच्याकडे नको.

मैत्रेयी : का?

नरसिंह : फेब्रुवारीत गेलो होतो. ती म्हणाली, काका, गाठी हाताने सुटायच्या नाहीत, मशीन लावून सगळे केस काढून टाकू. मी उठून आलो. मागून हाक मारली तरी थांबलो नाही. आता कुठल्या तोंडाने जाऊ?

मैत्रेयी : याच तोंडाने. टॉवेल धरा, मी तिला उचलते. चपला घाला, बाबा. लवकर.

(तासाभराने. डॉक्टर प्रभा यांचा दवाखाना.)

प्रभा : ताप उतरायला लागलाय. पंज्यांना, पोटाला पाणी लावून पंख्याखाली ठेवलंय. अळ्या काढायला घेतल्यात, पण वरवरच्या निघतात, आतल्या नाही. त्यासाठी केस काढावे लागतील, पूर्ण. आणि ती शुद्धीत असताना ते होणार नाही.

मैत्रेयी : भूल देणार?

प्रभा : द्यावी लागेल. पण ऐका आधी. या जातीचं नाक बसकं असतं, श्वासाची वाट अरुंद. त्यात उन्हाने थकलेली, जखमेचा ताप. भुलीतून उठेलच अशी खात्री मी देणार नाही.

मैत्रेयी : आणि नाही दिली तर?

प्रभा : तर दोन दिवस. तीन. आणि ते दिवस फार वाईट.

नरसिंह : तुम्ही मला शिव्या दिल्यात तरी चालेल, डॉक्टर. पण तिला वाचवा.

प्रभा : शिव्या कशाला देऊ, काका? दर मे महिन्यात अशी पाच-सहा मांजरं येतात माझ्याकडे. थंड मुलखातलं जनावर, अंगावर रजई घालून जन्मलेलं, आणि आपण त्याला इथे आणून ठेवायलोत. फ्लॅट वाढले तशी ही मांजरं वाढली. लोक फोटो बघून घेतात. पण एक विचारू? फेब्रुवारीत मी सांगितलं तेव्हा का उठून गेलात? तेव्हा पंधरा मिनिटांचं काम होतं.

नरसिंह : तेव्हा हिच्या आईला जाऊन तीन महिने झाले होते.

प्रभा : ते माहीत होतं मला. भेटायला आले होते मी.

नरसिंह : औषधांनी तिचे केस गेले होते सगळे. शेवटी शेवटी तिला उशीवर डोकं ठेवताना टोचायचं, म्हणून मी हात ठेवायचो खाली. तुम्ही मशीन दाखवलंत. एक डोकं तसं बघून झालं होतं माझं. पुन्हा बघवलं नसतं.

मैत्रेयी : हे मला का नाही बोललात कधी?

नरसिंह : बोलण्यासारखं काय आहे त्यात? कागद द्या, डॉक्टर. सही करायची असेल ना.

प्रभा : इथे करा. खाली, मालक लिहिलंय तिथे.

नरसिंह : पेन जरा... हे पेन चालत नाही.

प्रभा : चालतंय ते. घाई नाही. टेबलावर मनगट टेकवून करा.

नरसिंह : मैत्रेयी, तू कर सही.

प्रभा : काका, हात किती दिवसांपासून कापतोय?

नरसिंह : घाबरलोय म्हणून कापतोय.

प्रभा : घाबरलेल्या माणसाचे दोन्ही हात कापतात. तुमचा उजवाच कापतोय. आणि मांडीवर नुसता ठेवला होतात तेव्हाही कापत होता, मघाशी बघितलं मी. मी माणसांची डॉक्टर नाही, पण एवढं समजतं. किती दिवस?

नरसिंह : दीड वर्ष असेल.

मैत्रेयी : दीड वर्ष?

नरसिंह : भानूला माहीत होतं. शर्टाची बटणं तीच लावून द्यायची. म्हणाली, मैत्रेयीला सांगू या. मग तिचंच निघालं ते सगळं, आणि राहून गेलं. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली गं मी. केसाच्या दहाव्या भागाइतका फरक बोटाने सांगायचो, नंतर मोजून बघायचे लोक. आणि एक गाठ कापता आली नाही. रविवारी कात्री नाही सरकली, हात सरकला. हे मी तुला मघाशी सांगितलं नाही.

मैत्रेयी : म्हणून पोटाकडचं विंचरणं सोडलंत तुम्ही.

नरसिंह : कंगवा टोचायचा तिला. चावायची ती, बरोबरच होतं तिचं.

मैत्रेयी : द्या तो कागद. मी करते सही. डॉक्टर, घ्या तिला आत.

प्रभा : जनरेटर लावलाय, लाइटची काळजी नको. दोघं इथेच बसा. पाऊण तास लागेल.

मैत्रेयी : बाबा, पाणी?

नरसिंह : नको.

मैत्रेयी : अक्षताला फोन करणार होते मी, वाटेत येताना. म्हणणार होते, आजच येऊन घेऊन जा.

नरसिंह : केलास?

मैत्रेयी : नाही. तुम्ही मागच्या सीटवर तिच्याशी बोलत होतात.

नरसिंह : पुलाखाली सिग्नलला एकदा श्वास थांबल्यासारखा वाटला तिचा. म्हणून बोलत होतो. काहीबाही.

मैत्रेयी : तुम्ही तिची माफी मागत होतात, बाबा. ऐकू येत होतं मला.

नरसिंह : दिली तर बरं होईल का तिला, त्या तुझ्या अक्षताकडे? खरं सांग. मी हट्ट नाही करणार आता. दोन एसी आहेत म्हणालीस.

मैत्रेयी : आत्ता नका विचारू. आधी उठू दे तिला.

नरसिंह : आणि नाही उठली तर तू कामावर जा. मी रिक्षाने जाईन घरी. उगाच माझ्यासोबत बसून राहू नकोस.

मैत्रेयी : असं बोलू नका.

नरसिंह : चार दिवस हेच बोलतोय मनात. तिच्यासमोर बसून. वाटायचं, आता संपेल, आता संपेल. मग ती डोळे उघडायची आणि माझ्याकडे बघायची. ओळखीचं माणूस म्हणून बघायची, त्याचंच जास्त लागायचं मला.

मैत्रेयी : इकडे सरका जरा. टेका इथे. डोळे मिटा हवे तर, मी जागी आहे.

नरसिंह : किती वाजले?

मैत्रेयी : वीसच मिनिटं झाली.

नरसिंह : आता?

मैत्रेयी : पस्तीस. आवाज आला ना दाराचा? आल्या त्या.

प्रभा : झालं. श्वास चालू आहे, आणि आता नीट चालू आहे. मध्ये एकदा घाबरवलं तिनं, पण सावरली. अळ्या सगळ्या निघाल्या. टाके घालत नाही, जखम उघडीच ठेवून भरू द्यायची. दोघं आत या, पण हात लावू नका, अजून गुंगीत आहे.

मैत्रेयी : ही? ही शेवरी?

प्रभा : हीच. डोकं आणि शेपटीचा गोंडा तेवढा ठेवलाय.

नरसिंह : एवढीशी होती ही?

प्रभा : फेब्रुवारीत साडेतीन किलो भरली होती. आज केस काढून सव्वादोन. खात नव्हती का?

नरसिंह : ताटली ठेवायचो. थोडं खायची, थोडं राहायचं. मला वाटायचं भरलेली आहे. रोज बघत होतो, तशीच गुबगुबीत दिसायची.

प्रभा : केसांत समजत नाही. वरून बघून नाही चालत, आत बोटं घालून फासळ्या चाचपाव्या लागतात. असू दे. भरेल पुन्हा. चार दिवस माझ्याकडे राहील, सलाइन चालू आहे. पुढे दर दोन महिन्यांनी मशीन फिरवायचं, बस्स. कंगवा नको, गाठी नको. थंडीत एखाद्या जुन्या स्वेटरची बाही कापून घाला अंगात. उन्हात गॅलरीत सोडू नका, कातडी भाजते.

नरसिंह : एवढंच करायचं होतं?

प्रभा : एवढंच.

मैत्रेयी : मशीन मला शिकवाल तुम्ही? दोन महिन्यांनी मी येईन. समर्थकडे जाण्याआधी आंघोळ करावी लागते ती करीन, दर रविवारची नाही ना आता. आणि बाबा, हे चार दिवस तुम्ही माझ्याकडे चला. तुमच्या अंगावरचे कपडे बदलून. उद्या हाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेते.

नरसिंह : चार दिवसांनी परत सोडशील?

मैत्रेयी : सोडते. इन्व्हर्टरची बॅटरी बसवून सोडते.

नरसिंह : दोघांना?

मैत्रेयी : दोघांना.

प्रभा : मग बसा बाहेर थोडं. तिनं डोळे उघडले की बोलावते, काकांना ती दिसू दे आणि मग निघा.

मैत्रेयी : बाबा, हा शर्ट कधीचा आहे?

नरसिंह : दोन वर्षं झाली असतील. का?

मैत्रेयी : कॉलर बघा किती लांब राहिलीय मानेपासून.

नरसिंह : सैलच शिवला होता.

मैत्रेयी : डॉक्टर, बाहेर तो खाली बसवलेला काटा आहे ना, त्यावर माणूस चालतो?

प्रभा : मोठ्या कुत्र्यांचा आहे. चालतो की.

नरसिंह : कशाला आता? तिच्याजवळ थांबू दे मला.

मैत्रेयी : तिला उठायला वेळ आहे अजून. या इकडे. माझा हात धरा, आणि चपला काढून उभे राहा.